नाकाला लावलेला मासा

दर शनिवारी आमच्या पेंडल हिल उपनगरातल्या मासळीच्या दुकानात एक माणूस दिसायचा. कल्ले लाल आहेत का, हे आपण सगळेच बघतो. हा मात्र मासा थेट नाकाला लावायचा आणि हरखून ओरडायचा, "डांबराचा वास नाही!"

शेवटी मी विचारलंच.

"कॅनडात इंजिनिअर होतो, डांबरी वाळूतून तेल काढायच्या खाणीत. खाणीच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या गावात अंगावर फोड आलेले मासे मिळायचे, लोक कॅन्सरला घाबरायचे. पाणी चांगलं आहे, असं सांगायला कंपनीने मला पाठवलं. एका म्हातारीने त्याच नदीतला मासा तळून पुढ्यात ठेवला. आणि मी, मालवणचा माणूस, माशाला नाही म्हणालो! तिथेच माझी नोकरी संपली."

एवढं बोलून त्याने भलामोठा स्नॅपर माझ्या नाकाखाली धरला. "घे, वास घे! नुसता समुद्र आहे!"

सगळं दुकान बघत होतं. मी डोळे मिटून छाती भरून वास घेतला.