डब्याला भिणारा माणूस

तो आला की आधी दोन्ही हात काखेत घालायचा. बोटं आपल्या मनानं काही दाबून बसतील, म्हणून. तसाच उभा राहून खोलीभर बघायचा आणि म्हणायचा, "थांबा, कोनी काई करू नका. मले भेव लागून राह्यलं."

वर्ध्याच्या एका सीटी स्कॅन सेंटरात मी झाडलोट करते. शाळा चौथीपर्यंत. मशीनमधलं मला कळत नाही, माणूस कळतो. तिथे कोनाड्यात एक काळा डबा आहे. सगळ्या पेशंटचे फोटो त्यात साठतात आणि सगळे कॉम्प्युटर वायरीनं त्याला जोडलेले आहेत. कॉम्प्युटरवर डबा दिसेनासा झाला, किंवा पासवर्ड घेईना, की ह्याला फोन जायचा.

मशीन दुरुस्त करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. छाती काढून येतात. हा चोरासारखा यायचा. एकेकाला विचारायचा, "काय केलं?" जो तो म्हणे, "काईच नाई." मग भिंतीपासून वायर बोटांत धरून डब्यापर्यंत रांगत जायचा. एकदा मलाच म्हणाला, "मावशी, झाडता झाडता वायर ओढली का?"

"ओढली असती तं सांगतलं असतं. तुयासारखी भित्री नाई मी."

निघाला उंदीर. कुरतडलेली वायर बघूनच हा दोन पावलं मागे सरला.

"एवढा काऊन भेतो रे? लोखंडाचा तं डब्बा हाय."

"मावशी, लोकायची डोकी हायेत त्यात."

मी हसले होते.

दिवाळीनंतर माझ्या सुनेला पुन्हा फिट आली. उन्हाळ्यात पहिली आली तेव्हा इथेच फोटो काढला होता. डोक्यात बारीक गाठ दिसली होती. आता नवा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "जुना पाहिजे. गाठ वाढली असेल तर आजच नागपूरला न्या. जुना नसेल तर महिनाभर थांबून पुन्हा काढू, मग कळेल." रिपोर्टात नुसतं 'बारीक गाठ' लिहिलेलं. जुनी फिल्म मी घरून आणली, तर पत्र्याखालच्या उष्णतेनं ती काळीभोर झालेली. राहिला डबा.

आणि त्याच दिवशी डबा पासवर्ड घेईना. आधीचा ऑपरेटर नोकरी सोडताना पासवर्ड बदलून गेला होता, फोन उचलत नव्हता. रिसेप्शनवरच्या पोरीनं मनात येतील ते शब्द टाकून पाहिले. डब्यानं त्या कॉम्प्युटरला दार बंद केलं. मग सगळे दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसले, मग तिसऱ्यावर. एकूण एक बंद करून घेतले आणि मग ह्याला बोलावलं. मी बाकावर सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. 

तो आला. हात काखेत. "चुकीचा पासवर्ड घडीघडी टाकला का डब्बा त्या कॉम्प्युटरले चोर समजते," म्हणाला. आपला लॅपटॉप जोडला. डबा दिसला, पण पासवर्ड मागायचा तो मागितलाच.

"मागं एक भोक हाय सर. पिन घालून पीं वाजेपर्यंत दाबलं का पासवर्ड विसरते. जास्त दाबल्या गेलं तं अजून काय काय विसरते."

"फोटो जात नाहीत असं कंपनीनं लिहिलंय," डॉक्टर म्हणाले.

"लिहिणाऱ्याचे फोटो नाई ना सर यात."

"अरे, दाब ना!"

तो दाबेना. माझ्यापुढे येऊन उकिडवा बसला. "मावशी, तुमी सांगा. गेले तं सगळेच जातीन."

फिनाईल संपलं का, यापलीकडे त्या सेंटरात मला कोणी काही विचारलं नव्हतं.  राग आला. म्हटलं, "दाब. अन् भेत भेतच दाब."

त्यानं एसी, पंखे बंद करायला लावले. कोणी हलेना. पिन आत गेली. पीं वाजलं. चटका बसल्यासारखा त्यानं हात मागे घेतला. डब्याचा दिवा पिवळा लुकलुकायला लागला, तो लुकलुकतच राहिला. ह्याच्या नाकावरून घाम टपकत होता. नवरा गेला तेव्हाही मी इतकी भ्याले नव्हते.

दिवा हिरवा झाला. त्यानं काहीतरी टाईप केलं आणि सुनेचं नाव पडद्यावर आलं.

डॉक्टरांनी दोन फोटो शेजारी लावले. उन्हाळ्यातली गाठ तुरीच्या दाण्याएवढी. आताची बोराएवढी. मलासुद्धा कळलं. "आजच न्या," डॉक्टर म्हणाले.

गाठ त्यानंच डब्यातून काढून आणल्यासारखा तो माझ्याकडे बघत होता. "मावशी, मी उघडलाच नसता तं..."

"चूप. थैली धर."

त्यानं थैली गाडीपर्यंत आणली. दोनदा ती हातातून खाली पडली. गाडी हलली तेव्हा तो फाटकाशी अनवाणी उभा होता. चपला आतच राहिल्या असतील.

नागपूरला त्याच आठवड्यात डोकं उघडलं. तिथले डॉक्टर म्हणाले, महिनाभर थांबला असतात तर हाती काही लागलं नसतं. सून जगली. डावा हात अजून धड उचलत नाही, पण तोंड चालतं. मला उलटून बोलते.

आम्ही परत आलो तोवर त्यानं वर्धा सोडलं होतं. फोन लागत नाही. कोणी म्हणतं पुण्याला गेला, कोणी म्हणतं सासुरवाडीला, अल्लीपूरला. मी एसटीनं अल्लीपूरला जाऊन आले. स्टँडवर विचारलं, पानठेल्यावर विचारलं. असा कोणी माणूस तिथे नाही.

त्यानं पाहिलं ते एवढंच, गाडीत आडवी पडलेली सून आणि दार ओढून घेणारी मी. पुढचं त्याला कोणी सांगितलंच नाही.