घाटात बंद पडणारा एसी

गाडीच्या एसीचं गॅरेज चालवलं की दुसरं काही जमो न जमो, किस्से आपोआप जमतात. आमचं गॅरेज हर्सूलला, अजिंठ्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून. मी वायरिंग बघतो, भागीदार भास्कर गॅस आणि कॉम्प्रेसर बघतो. उन्हाळा लागला की गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आधीच रोगाचं नाव सांगतं, "गॅस संपलाय." गॅस बहुतेक वेळा जागेवर असतो.

*

एक गावपुढारी आले. एसी गारच करत नाही म्हणाले. भास्करनं तपासलं, तर सगळं ठीक. शेवटी तो त्यांच्या शेजारी बसून चक्कर मारायला निघाला. पुढारी काच पूर्ण खाली करून गाडी चालवत होते.

"साहेब, एसी लावल्यावर काच बंद ठेवत जा."

तोंडातला तोबरा सांभाळत ते म्हणाले, "मग थुंकू कुठं?"

यावर आमच्याकडं स्पेअर पार्ट नव्हता.

*

दुसरी एक गाडी नवरदेवाची वरात करून आली. पुढच्या जाळीवर प्लास्टिकच्या फुलांचं असं दाट तोरण चिकटवलेलं, की हवा आत जायला जागाच नाही. जाळीमागचा कंडेन्सर तापून लाल. मी म्हणालो, फुलं काढली की एसी सुरू. मालक विचारात पडले.

"आषाढात या म्हणता का? अजून लग्नाच्या तारखा हायेत."

*

पण आमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे अजिंठ्याच्या घाटाखालच्या फर्दापूरचे गफूरचाचा. जुनी डिझेल गाडी. तिच्यातून त्यांनी निम्मं आयुष्य लेणी बघायला आलेले पाहुणे फिरवले. पुढं पाहुण्यांना नव्या गाड्या लागल्या, चाचांचा एसी मेला आणि ते काचा उघडून फिरत राहिले.

यंदा मात्र एसी पाहिजेच म्हणाले. लेक रुबीना पहिल्या बाळंतपणाला फर्दापूरला आली होती, मुलगी झाली होती. तिचं सासर आमच्याच मागच्या गल्लीत. ऐन मे महिन्यात बाळाला घेऊन तिला इथं पोचवायचं होतं. व्याह्यांनी फोन केला, "आपकी गाडी में एसी नहीं, हम अपनी भेज देते." बिचारे चांगल्या मनानंच बोलले असतील, पण चाचांना ते फार लागलं.

"नात माझ्याच गाडीतून येणार. अन् गार हवेत येणार. लई जुनी गाडी हाय, मला ठाऊक हाय. तुम्ही करा कायबी."

भास्करनं कॉम्प्रेसर दुरुस्त केला, मी वायरिंग बदललं. एसीच्या बटणातला बारीक दिवा तेवढा पेटेना. चाचा म्हणाले, दिव्याचं काय लोणचं घालायचंय? हवा गार होती. खूश होऊन गेले.

*

आठवडाभरात परत हजर. घामानं शर्ट चिकटलेला.

"येताना घाटात बंद पडला. ब्लोअर चालू, पण हवा गरम. मी हात लावला नाय कशाला. जसा पडला तसाच आणलाय तुमच्याकडं."

भास्करनं बटण दाबलं. एसी सुरू. आम्ही रिले बदलला, पंखा तपासला. चाचा गेले. घाट उतरून फर्दापूरपर्यंत गारेगार, असा फोन आला. पुढच्या खेपेला येताना घाटात पुन्हा बंद.

भास्करचं म्हणणं, चढाला इंजिन तापतं, मग कॉम्प्रेसरचा क्लच सुटतो. म्हणून गाडी दुपारभर उन्हात चालू ठेवायची ठरली. आत भास्कर बसला. बऱ्याच वेळानं मी काचेतून पाहिलं, तर तो रुमाल तोंडावर घेऊन घोरत होता.

*

तेवढ्या वेळात चाचांनी चहा पिता पिता त्यांचा जुना किस्सा सांगितला. दिल्लीकडचे एक साहेब मागं बसलेले. घाटात चाचांनी एसी बंद केला. जुन्या डिझेल गाडीचे सगळेच ड्रायव्हर करतात, चढाला गाडीला दम मिळतो. साहेब भडकले. चाचा म्हणाले, "साब, ऊपर चढना है या ठंडा होना है?"

आम्ही पोट धरून हसलो. हसून झाल्यावर मी चाचांकडं जरा नीट बघितलं.

*

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर फर्दापूरला गेलो आणि लगेच परत निघालो. घाटाचं पहिलं वळण आलं. चाचा नातीचं कौतुक सांगत होते, डोळे रस्त्यावर. डावा हात गिअरवरून उठला, बटण दाबून परत गिअरवर आला.

थोड्या वेळानं म्हणाले, "बघा! पडला का नाय बंद?"

"चाचा, तुम्हीच बंद केला."

"म्यां? अल्ला कसम, हात नाय लावला."

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. हाताला एवढ्या वर्षांची सवय, दिवा नसल्यानं डोळ्यालाही काही दिसत नव्हतं. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. गॅरेजला आल्यावर मी ते बटणच काढून टाकलं, आतल्या वायरी थेट जोडल्या.

*

बाळ यायच्या दिवशी अजिंठा गावातून चाचांचा फोन आला. घाट चढून त्यांनी गाडी कडेला घेतली होती.

"भाई, रुबीना म्हणती बच्चीला थंडी वाजायली, एसी बंद करा. बटण कुठंय?"

"ब्लोअर बंद करा, एसी आपोआप बंद होतो."

चाचा म्हणाले, "राहू द्या. शाल हाय."

गाडी आली तेव्हा भास्कर आणि मी हातातलं काम टाकून मागच्या गल्लीत गेलो. दारात रुबीनाचे सासरे उभे, घाम पुसत. रुबीना उतरली. बाळाला कानटोपी, अंगाला लोकरीची शाल, वरून दुलई. सासऱ्यांचा चेहरा उतरला.

"बच्ची को बुखार है क्या?"

गफूरचाचांनी सावकाश दार लावलं.

"नईं, समधी साब. गाडी में एसी है."