आयोगाचा पहिला पुकारा

आमच्या ऑफिसातल्या काकांचा आवाज असा, की बंद खिडकीची काच थरथरावी. सगळी नोकरी त्यांनी कोर्टात पुकारा करण्यात घालवली. दाराशी उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा आणि पक्षकाराचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, राहायचं ठिकाण, सगळं एका दमात तीनदा ओरडायचं. तिसऱ्या हाकेलाही माणूस उठला नाही तर प्रकरण निकाली. म्हणून काका तिसरी हाक पार रस्त्यापर्यंत पोचवत. लोक त्यांना भोंगा म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. "माझ्या हाकेअभावी एकाचंही प्रकरण बुडालं नाही," हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन.

लोकांची खासगी माहिती सांभाळायला सरकारने आयोग नेमला, तेव्हा माणसं इकडून तिकडून उचलून आणली. काका कोर्टातून आले, मी लघुलेखिका म्हणून पाटबंधारे खात्यातून. कायदा आधी आला, अध्यक्ष नंतर, खुर्च्या सगळ्यात शेवटी. उद्घाटनाला अध्यक्षसाहेब खूप वेळ बोलले. माणसाचा पत्ता, फोन, आजारपण त्याच्या परवानगीशिवाय कुणाच्या कानी पडता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या भिंती तर प्लायवूडच्या होत्या.

"तक्रारदाराला नंबरनेच बोलवा," साहेबांनी काकांना सांगितलं.

"साहेब, नंबरने कैद्याला बोलावतात. माणूस दाद मागायला आलाय. त्याला नावाचा मान नको?"

साहेब हसले आणि 'बघू' म्हणाले. सरकारी 'बघू' जिथे जातं तिथेच तेही गेलं.

पहिली तक्रार एका नर्सची होती. मारकुट्या नवऱ्याला सोडून ती लेकीला घेऊन निघाली, नवा फोन नंबर घेतला. मोबाइलच्या दुकानदाराने तो नंबर नवऱ्याला सहज देऊन टाकला, जणू शेजाऱ्याला विरजण दिलं. मग रात्रंदिवस फोन, धमक्या. घाबरून तिने घरही बदललं. नवा पत्ता तिच्याखेरीज फक्त आम्हाला माहीत होता, कारण पत्त्यावाचून आम्ही तक्रार घेत नव्हतो.

सुनावणीच्या दिवशी दुकानदार आला तो कडक इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस घेऊन. आपला साक्षीदार म्हणाला. नर्स तडक माझ्या टेबलाशी आली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"हा माझा नवरा. हा इथे कसा?"

"घाबरू नका," मी म्हटलं. "इथे तुम्हाला कोण हात लावणार?"

"मला नाही हो. मुलगी घरी एकटी आहे."

"त्याला घर कुठे माहीत आहे?"

ती जरा सावरली आणि बाकावर टेकली. एवढ्यात काका दाराशी आले, त्यांनी छाती भरून घेतली, आणि तिचं पूर्ण नाव नवऱ्याच्या नावासकट व्हरांड्यात घुमलं. "राहणार जुन्या गिरणीमागची गल्ली, पिवळी इमारत, तिसरा मजला! हजर आहेत का?"

नर्स उठलीच नाही. तिची नजर नवऱ्यावरच खिळली होती. काकांना वाटलं बाई आलेली नाही, बिचारीचं प्रकरण बुडणार, म्हणून त्यांनी दुसरी हाक आणखी जोरात दिली. मी "काका, काका!" करत धावले, पण त्या आवाजापुढे माझा आवाज म्हणजे नगाऱ्यापुढे टिमकी. तिसरी हाक खाली रस्त्यावर गेली. इस्त्रीचा शर्ट शांतपणे उठला, त्याने दुकानदाराच्या खांद्यावर थोपटलं आणि तो जिना उतरून गेला.

तेव्हा काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग नर्सकडे. त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

साहेब पोलिसांना फोन करत होते. पोलीस आधी आमच्या आयोगाचं नाव समजून घेत होते. नर्स, काका आणि मी टॅक्सीत बसलो. नर्स घरी फोन लावत होती, नुसती रिंग जात होती. "मीच सांगितलंय तिला, फोन उचलायचा नाही," ती म्हणाली आणि पुन्हा लावू लागली. पुढे ट्रक आडवा लागला होता. मला त्या ड्रायव्हरला, साहेबांना, काकांना, सगळ्यांना बडवावंसं वाटत होतं. एरवी कोमट पाण्याचे घोट घेत घसा जपणारे काका पुटपुटले, "बाई, मी..."

"आत्ता नको," नर्स म्हणाली.

जिना आम्ही धावत चढलो. दार बंद. नर्सने थाप मारली. "उघड, मी आहे." आत काहीच हालचाल नाही. तिने पुन्हा थाप मारली. मग कडी निघाली. दारात दहा-बारा वर्षांची मुलगी, कानात गाणी अडकवलेली. "काय झालं आई?" मी तिथेच पायरीवर बसले.

नर्स रडली नाही. तिने पलंगाखालून बॅग ओढली. बॅग भरलेलीच होती.

"बाई, पोलिसांत जाऊ," काका म्हणाले. "चूक माझी आहे. मी साक्ष देतो."

"द्या ना. पण तोपर्यंत आम्ही इथे राहायचं का?"

काकांनी बॅग उचलली, खाली नेली, टॅक्सीत ठेवली. मायलेकी आत बसल्या. गल्लीच्या तोंडाशी अजून कुणी दिसत नव्हतं.

"कुठे जायचं, ताई?" ड्रायव्हरने विचारलं.

ती टॅक्सीचं दार धरून उभ्या असलेल्या काकांकडे बघत राहिली. काकांना कळलं. त्यांनी दार लोटलं, समोरच्या भिंतीपर्यंत चालत गेले, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि दोन्ही कान हातांनी घट्ट दाबून धरले.

मी टॅक्सीपाशीच होते. तिने काच थोडी खाली घेतली.

"तुम्हीसुद्धा," ती म्हणाली.