फुप्फुसवाल्याची सही

वर्ना लिंडक्विस्ट सरोवराकाठच्या डुलुथ शहरात बरीच वर्षं मानसोपचार करत होती. उदास म्हणून पाठवलेल्यांपैकी कितीतरी जण उदास नसतात, झोपेत त्यांचा श्वास अडतो, हे लक्षात आल्यावर तिने झोपेच्या विकारांची वेगळी परीक्षा दिली. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत पलंग आणि तारा बसवून झोपेतल्या श्वासाचे आलेख काढणारी तपासणी सुरू केली.

डेल ऑकरलंड तिच्याकडे आला तोही उदास म्हणूनच. रस्त्यावरचा बर्फ काढायचा काउंटीचा सरकारी ट्रक चालवायचा आणि सिग्नलला पेंगायचा. तपासणीत त्याचाही श्वास अडताना दिसला, म्हणून वर्नाने त्याला श्वासाचं मशीन लिहून दिलं. विमा कंपनीने मशीन नाकारलं, तपासणीचे पैसेही.

मनाचे आजार कंपनीने एका उपकंपनीकडे सोपवले होते आणि वर्नाचं नाव तिकडच्या यादीत होतं. उपकंपनी म्हणाली, श्वास हे शरीराचं काम. मूळ कंपनी म्हणाली, बाई मनाची डॉक्टर.

नकारावर दाद मागायच्या रिवाजाप्रमाणे कंपनीच्या डॉक्टरशी फोनवर बोलणं झालं. तो हाडांचा सर्जन निघाला.

"परीक्षा दिलीत, मान्य. पण आमच्याकडे तुम्ही सायकियाट्रिस्ट. डिप्रेशन लिहा, झोपेच्या गोळ्या आत्ता मंजूर करतो."

"गोळ्यांनी त्याचा श्वास आणखी अडेल."

"ते मला नाही सांगता यायचं डॉक्टर. मी गुडघे बघतो."

समोरच्या दवाखान्यात फुप्फुसांचा डॉक्टर रस हॉगन बसायचा. त्याच्या सहीला कंपनी कधी अडवत नसे. आपल्या कागदांवर त्याची सही घ्यायची वाट वर्नाने आजवर टाळली होती.

"दे इकडे कागद," रस म्हणाला. "तू मान सांभाळत बस, तोवर डेल ट्रकसकट सरोवरात जाईल."

"आलेख वाचता येतात का तुला?"

"थोडेफार. सही मात्र झकास येते."

त्या आठवड्यात मोठ्या बर्फाचा अंदाज होता, डेल रात्रंदिवस ट्रकवर असणार होता. तिने कागद दिले. मशीन लगेच आलं. मग पुढच्या रुग्णाचे कागद गेले, त्याच्या पुढच्याचेही. उन्हाळ्यापर्यंत त्या दोन खोल्यांवर रसची पाटी लागली. आलेख वर्नाच वाचते, त्याच्या पगारावर.

हार्डवेअरच्या दुकानात डेल भेटला. चेहरा तरतरीत झाला होता.

"तो हॉगन खरा डॉक्टर," तो म्हणाला. "तुम्ही उगाच मला वेड्यांत बसवलं होतं, बाई."

"झोप लागते ना?" वर्नाने विचारलं.

"छान लागते."

"मग झालं," ती म्हणाली आणि खिळ्यांचे पैसे द्यायला रांगेत उभी राहिली.