तेल लाव

भिंगातून खडा पाहायला मला एका म्हाताऱ्या जडियाने शिकवलं. जडिया म्हणजे अंगठीत खडा बसवणारा कारागीर. गोंदियाच्या सराफ्यात टिनाच्या छपराखाली त्यांची गादी होती, आणि मी तेव्हा नागऱ्याहून सायकलने येऊन राशीचे खडे विकायचो. "भिंग डोळ्याले चिकटव, खडा जवळ आण. आन् आधी पूस, मंग पाहा," काका सांगायचे. माझा धंदा बसला तेव्हा त्यांनी आपलं जुनं भिंगच मला देऊन टाकलं.

एकदा जयपूरहून मी एक पन्ना, म्हणजे पाचू, आणला. तीन दिवस घासाघीस करून व्यापाऱ्याला निम्म्या भावावर आणलं होतं. भिंगाखाली तासभर पाहिला, चीर म्हणून दिसली नाही. तो एका राइस मिलवाल्या शेठला विकला आणि अंगठीत बसवायला काकांकडे दिला. मे महिना होता. पंधरा दिवसांनी शेठला घेऊनच अंगठी आणायला गेलो आणि सवयीने भिंग लावलं. आत चिराच चिरा, उन्हाळ्यात धानाची बांधी तडकते तशा.

"काका, हा माझा खडा नाही. बदलला काऊन?"

त्यांनी अंगठी उजेडात धरली आणि परत केली. "तेल लाव त्याले."

शेठ फिस्सकन हसला. आमच्याकडे कुणाला 'तेल लाव' म्हटलं की त्याला हुसकावलं असंच समजतात. माझं डोकं फिरलं. त्यांचा औजारांचा डबा मी लाथेने उडवला. "चोर आहे हा!" सराफ्यात ज्यांना ऐकू गेलं नसेल त्यांना मी दुकानात जाऊन सांगितलं. मला ठकवणारा अजून जन्मलाच नाही असं मी मानायचो, तेव्हा चोर दुसराच कुणी असायला हवा होता.

वर्षभरात काकांकडे खडा द्यायला कुणी उरलं नाही. गादी उठली, ते फुलचूरला घरी बसले.

सहा-सात वर्षांनी, असाच उन्हाळा सरताना, माझ्याच कपाटातल्या पुडीतला पन्ना चिरांनी भरलेला दिसला. व्यापारी तोच, कपाटाची किल्ली माझ्याच कमरेला. मी जयपूरला फोन लावून शिव्या घातल्या. तो हसला. "भाईसाब, इतना दाम तोडोगे तो तेल पिलाया हुआ ही मिलेगा. गरमी में सूख गया. फिर से तेल लगाओ."

दोन दिवस खडा तेलात ठेवला. तेल चिरांत मुरलं आणि चिरा दिसेनाशा झाल्या.

तो घेऊन फुलचूरला गेलो. काकांना आता डोळ्यांनी दिसत नव्हतं. मी खडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी बोटाने चोळला, बोट नाकाशी नेलं.

"लावलं का तेल?"

माफी मागायला गेलो होतो, तोंडून भांडण निघालं. "तवाच आणखी दोन शब्द बोलले असते तं काय बिघडलं असतं?" त्या न बोललेल्या दोन शब्दांचा राग माझ्या मनात अजून आहे.

"बोलू देल्लास का तू?" ते म्हणाले. खडा माझ्या हातात परत दिला. "आन् आता मले सांगून काय होते? बाजारात सांग."

सांगितलं. ज्या ज्या दुकानात त्यांना चोर म्हणालो होतो तिथली पायरी चढलो. गाद्यांवर आता मुलं, पुतणे बसलेले.

"आम्ही तर खडे नागपूरला बसवतो," एकाने चहा पुढे करत म्हटलं. "कोणते काका?"