कोळशावरची प्लिमथ

पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा एवेलिओने आपली बावन्न सालची प्लिमथ मोटार अंगणातल्या आंब्याखाली उभी केली. बायको नीदिया केव्हाच वारली होती, मुलगी मायामीत. आता सिबानिकू गावात त्याच्याशी रोज बोलणारं माणूस एकच, कुंपणापलीकडची मिग्दालिया. साखरेच्या आजारामुळे तिच्या पायाची जखम चिघळली. पट्टीसाठी शहरातल्या इस्पितळात जायचं, आणि बस तर बंद.

"त्या घोडागाडीने हाडं खिळखिळी केली रे," ती म्हणाली. "पाय वाचेल, पण कंबर जाईल."

एवेलिओने गॅसचं रिकामं सिलिंडर कापून भट्टी केली. त्यात माराबूच्या काटेरी झुडपांचा कोळसा धुमसत ठेवायचा, त्याचा वायू दुधाच्या कॅनमधून गाळून इंजिनात सोडायचा. लहानपणी बापाकडून ऐकलेली युक्ती. बरेच दिवस नुसता धूरच निघाला. मिग्दालियाचं वाळत घातलेलं धुणं काळं पडलं.

"डुक्कर भाजतोयस का रे मेल्या? एक तंगडी मलाही दे!"

"तुझ्याच तंगडीसाठी चाललंय हे सगळं!"

एका सकाळी इंजिन खोकलं आणि चालूच राहिलं. चढावर गाडी बैलाच्या चालीने जाई, पण शहर गाठी. टपावर कोळशाची पोती, शेजारी मिग्दालिया. ती वाटभर गावाची उणीदुणी काढायची, तो ऐकत हसायचा. राख झाडायला थांबला की उगीचच जास्त वेळ लावायचा.

जखम भरली. मग स्पेनमध्ये राहणाऱ्या तिच्या मुलाने तिला तिकडे बोलावून घेतलं.

"जाऊ का रे?" तिने विचारलं.

"तिकडे थंडी असते. लोकरीचे मोजे घे."

"एवढंच सांगायचंय तुला?"

"एवढंच."

ओल्गीनच्या विमानतळापर्यंत त्यानेच तिला नेलं. इतक्या लांब गाडी कधी गेली नव्हती. दाराशी तिने रुमालाने त्याच्या गालावरची काजळी पुसली. "तोंड धूत जा," म्हणाली आणि आत गेली.

परतताना भट्टीतला कोळसा संपला. शेवटचं पोतं भट्टीत ओतून तो वायू तयार व्हायची वाट बघत बसला. दोन्हीकडे माराबूचं रान होतं. काहीतरी सांगायला त्याने शेजारी मान वळवली आणि मग पुन्हा समोर बघू लागला.

पुढे गावातले इतर आजारी लोक येऊ लागले. तो कुणालाच नाही म्हणत नसे. पण सगळे मागे बसत, आपसात बोलत.