शनिवारी झाडांना हात नाही

उद्या कोणीही फुलं आणू नका.

रिबेकामावशीला तोडलेली फुलं बघवायची नाहीत. "झाडावर काय वाईट होतं ते?" म्हणायची.

मावशी काल सकाळी गेली. आज शनिवार, म्हणजे ज्यूंचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. आज दफन करत नाहीत, म्हणून उद्या.

मावशी बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू, माहेर अलिबागकडचं. मराठी माझ्याहून अस्सल, शिव्यांसकट.

आमच्या दुबईतल्या अल बर्शाच्या बिल्डिंगच्या टेरेसवर तिने पोरांकडून बाग करून घेतली. आयपॅडवर वाढलेली पोरं कोपरापर्यंत मातीत! भाज्यांची देठं, नारळाच्या शेंड्या, चहाचा चोथा, सगळं खताच्या ड्रममध्ये.

"देवाने आदामाला बाग दिली ती राखायला. मॉलसारखी फिरायला नाही."

शनिवारी मात्र ती झाडांना हात लावायची नाही. पाणीसुद्धा नाही.

तेही दुबईच्या ऑगस्टमध्ये!

"मावशी, करपतील ना गं."

"मग शुक्रवार कशाला आहे?"

शुक्रवारी शाळा लवकर सुटली की पोरं मडकी भरायची. वाफ्यात गळ्यापर्यंत पुरलेली साधी मातीची मडकी. शनिवारभर ती झिरपायची आणि मुळं आपापली प्यायची.

"नियम मला आहे, तुम्हाला नाही. घाला खुशाल पाणी," ती पोरांना सांगायची. पण एकाही कार्ट्याने कधी घातलं नाही. शनिवारी सकाळी सगळी नुसती तिच्याभोवती बसायची.

गुरुवारी हॉस्पिटलमध्ये तिने मास्क बाजूला केला.

"उद्या मडकी भरायचीत... माझ्यामागे करतील का गं पोरं?"

"इन्शाल्ला तूच भरशील. यल्ला, लवकर घरी ये."

तिला खरं उत्तर हवं होतं. मी तिचा मास्क पुन्हा नीट लावला.

काल रडण्यात आणि फोनांत मडकी डोक्यातूनच गेली. आज उठल्यावर आठवलं, तशी बादली घेऊन वर धावले.

पोरं वाफ्यांशेजारी बसलेली.

माझी लेक इरा म्हणाली, "मम्मा, पुट द बकेट डाऊन. इट्स सॅटर्डे."

"अगं, पण मडकी?"

"वी फिल्ड देम यस्टर्डे. मावशी कुडन्ट, सो वी डिड."

मी वाकून बघितलं. मडक्यांत पाणी होतं. माती ओली होती.

बादली ठेवली, त्यांच्यात जाऊन बसले आणि पोटभर रडले.

मावशी, करतात गं. कोणी न सांगता करतात.

आता निवांत नीज.

शब्बाथ शालोम.